ओटावाशी जुळवून घ्या: नवख्या मंत्र्यांसाठी

अभिनंदन! कॅनडातल्या एका प्रांताचं इमिग्रेशन खातं तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. ‘तू मारल्यासारखं कर, मी रडल्यासारखं करतो’ एवढं जमलं की केंद्राशी, म्हणजे ओटावाशी, सहकार्य जमलंच.

1. आधी 1867 च्या घटनेचं कलम 95 वाचा. शेती आणि स्थलांतर तिथे एकाच ओळीत बसवलेत. दोन्हींवर कायदा तुम्हीही करू शकता, पण खटका उडाला तर ओटावाचाच टिकतो. भाजी तुम्ही करायची, मीठ वरून ठरणार.

2. माणसं स्वतः निवडा. तुमचं नॉमिनेशन मिळालं की एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे ओटावाच्या गुणांच्या रांगेत, उमेदवाराचे 600 गुण वाढतात. विनिपेगची उणे 30 अंशांची थंडी आपल्याला फार मानवते, असं नागपूरचा उमेदवार मे महिन्यात कूलरसमोर बसून लिहून देईल. विश्वास ठेवा. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, हाती पडला की तो टोरंटोचं विमान धरेल. 1982 च्या हक्कसनदेनेच त्याला ती मुभा दिलीय. हात हलवून निरोप द्या.

3. आता कॉलेजं. हे नीट शिका, इथे पैसा आहे. ऑन्टारियोने 2019 मध्ये केलं तसं स्थानिक पोरांची फी 10 टक्क्यांनी उतरवून गोठवा. खड्डा परदेशी पोरांच्या फीने बुजवू द्या. कॉलेजं तुमची, व्हिसा ओटावाचा. त्यामुळे ऑन्टारियोतल्या ब्रॅम्प्टनच्या तळघरात एका खोलीत सहा गाद्या पडल्या, तर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं. जानेवारी 2024 मध्ये ओटावाने परदेशी पोरांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि बहुतेक नव्या विद्यार्थ्यांना प्रांताचं पत्र आणायला लावलं. हे पत्र म्हणजे परवाना नव्हे. परवान्याला पुन्हा ओटावाच्याच दारात. पोरासाठी शेत गहाण टाकलेल्या नाशिकच्या बापाला हा बारकावा सावकाश समजावा. बिचाऱ्याला हप्ते मोजायची घाई असते.

4. क्यूबेकवर जळा. 1991 च्या करारात त्यांनी आर्थिक वर्गातली माणसं निवडायचा हक्क घेतलाच, वर केंद्राकडून दरवर्षी अनुदान. ते वाढतं, कमी मात्र होत नाही. तुम्हीही मागा. मिळणार नाही, पण मागितल्याची बातमी छापून येते.

5. 2025 साठी ओटावाने प्रांतांच्या नॉमिनेशनचं लक्ष्य 1 लाख 10 हजारांवरून 55 हजारांवर आणलं. असं झालं की सकाळी ‘विश्वासघात’ म्हणा, दुपारी ‘घरंच पुरत नाहीत हो’ म्हणा. संध्याकाळच्या संयुक्त निवेदनाला मागच्या वर्षीचाच मसुदा चालतो. तारीख तेवढी बदला.