रिकाम्या धावपट्टीची थोरवी

25 मे 2014 रोजी बर्लिनच्या मतदारांनी एक वेडेपणा केला. शहराच्या ऐन पोटात तीनशे हेक्टरांहून मोठे मैदान मोकळे पडले होते. टेम्पेलहोफचा विमानतळ 2008च्या ऑक्टोबरात बंद झाला आणि 2010मध्ये त्याच्या कुंपणाची दारे लोकांसाठी उघडली. तिथे कडेकडेने सुमारे 4,700 घरे आणि एक मोठे ग्रंथालय बांधायचा आराखडा सरकारने पुढे आणला. शहरात घरांची टंचाई होती, भाडी चढत होती. तरीही मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ 64 टक्के लोकांनी सांगितले, इथे काही बांधू नका. त्या कौलानेच मैदान मोकळे ठेवण्याचा कायदा झाला.

या वेडेपणाची मला स्तुती करायची आहे, मनापासून आणि हातचे काही न राखता. 

परक्या शहरात काही काळ राहून गेलेला आणि बऱ्याच वर्षांनी तिथे परतलेला माणूस आधीच थोडा वेडा असतो. त्याच्या डोक्यात जुना नकाशा असतो आणि पाय त्याच नकाशावर चालतात. पादत्राणांच्या झगमगीत दुकानात शिरून तो तिथल्या पोराला विचारतो, इथली बेकरी कुठे गेली? ते पोर बेकरी बंद झाली तेव्हा जन्मलेलेही नसते. रामदासांना तो दिसला असता तर मूर्खलक्षणांच्या समासात त्याच्यासाठी एखादी ओवी नक्की वाढली असती. पण शहराचा खरा साक्षीदार तोच. रोज तिथे राहणाऱ्याला बदल थोडा थोडा अंगवळणी पडतो, पहिल्यांदा आलेल्याला आधीचे काही ठाऊक नसते. परतलेल्याला मात्र आज उभे आहे ते दिसते आणि त्याच जागी काल काय होते तेही.

नव्वदच्या दशकात मी बर्लिनमध्ये शिकत होतो. तेव्हा पोट्सडामर प्लात्झवर नजर जाईल तिकडे क्रेन होत्या आणि ते मधले मैदान उद्या काय होणार यावर सगळे शहर बोलत होते. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही. टेगेलचा षटकोनी विमानतळ 2020च्या नोव्हेंबरात बंद झाला. टॅक्सीतून उतरून चार पावलांवर विमानाचे दार असे सुख मी दुसऱ्या कुठल्या राजधानीत पाहिलेले नाही. भिंत होती तिथे फरसबंदीत दगडांची दुहेरी रांग बसवली आहे. रस्ते ओलांडत, मोटारी उभ्या असतात त्या जागेतून, ती रांग जात राहते. कुणाच्या कामाची नाही, वाहतुकीला तिचा उपयोग शून्य. परतून आलेल्याचे पाय मात्र तिथे अडखळतात, आणि अडखळावेतच.

पूर्व बर्लिनच्या सिग्नलवरचा टोपीवाला माणूसही असाच वाचला. कार्ल पेग्लाऊ या वाहतूक मानसशास्त्रज्ञाने 1961मध्ये तो आखला. एकीकरणानंतर देशभर सारखेच सिग्नल हवेत म्हणून तो काढायला सुरुवात झाली, तेव्हा लोकांनी त्याच्यासाठी मोहीम उघडली. देश गेला, चलन गेले, कारखाने बंद पडले, आणि लोक भांडले ते सिग्नलवरच्या चित्रासाठी. आज तो माणूस पश्चिमेकडच्या चौकांतही दिसतो.

याच शहरात मला न आवडलेला एक उद्योगही झाला. होहेनझोलर्न राजांचा जुना राजवाडा पूर्व जर्मनीच्या सरकारने 1950मध्ये सुरुंग लावून पाडला. त्या जागेवर 1976मध्ये प्रजासत्ताकाचा प्रासाद उभा राहिला. संसद आणि नाचगाण्याचे दिवाणखाने एकाच छताखाली, बाहेरून तांबूस काचा. माझ्या वेळी तो अ‍ॅस्बेस्टॉसमुळे कुलूपबंद होता. 2006 ते 2008 या काळात तो उतरवला गेला आणि पुन्हा जुना राजवाडाच बांधला, तीन बाजूंनी हुबेहूब, चौथ्या बाजूने आधुनिक. 2021मध्ये तो लोकांना खुला झाला. काम सुबक आहे हे मान्य. पण या कोऱ्या भिंतींसमोर उभे राहिले की मधली सत्तर वर्षे कुणी तरी हिशेबाने खोडली आहेत असे वाटते. इथे बसून लग्ने साजरी केलेली, इथे नाचलेली माणसे अजून त्याच शहरात राहतात. हा मला वेडेपणा वाटत नाही, हा धूर्तपणा आहे, म्हणून त्याला माझ्या स्तुतीत जागा नाही.

मराठी माणसाने बर्लिनला परतल्यावर करण्याजोगा एक निरुपयोगी प्रवास आहे, डाहलेममधल्या इनेस्ट्रासे 22 या इमारतीपर्यंतचा. 1920च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे तिथल्या मानवशास्त्र संस्थेत ऑइगेन फिशरच्या हाताखाली संशोधन करत होत्या. युरोपीय माणसाची कवटी वेगळी आणि म्हणून तो श्रेष्ठ, असे त्या गुरूचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा फरक आढळत नाही हे लिहून दिले. पुढे याच संस्थेचे धागे आउशवित्झपर्यंत पोचले. आता तिथे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतात आणि दारापाशी 1988पासून एक फलक आहे. 2014पासून जवळच्या खोदकामांत मानवी हाडांचे तुकडे निघाले. 2023मध्ये त्यांचे दफन झाले. ती इमारत पाहून हाती काही लागत नाही. मी तरीही तिथे जातो, कारण पुण्याहून आलेली एक तरुण बाई त्या खोल्यांत एकटी बसून खरे तेच लिहीत होती.

आता मैदानाकडे. धावपट्टीवर उभे राहिले की वारा थेट अंगावर येतो, मध्ये अडवायला काही नाही. 1948च्या जूनपासून 1949च्या मेपर्यंत पश्चिम बर्लिनची नाकेबंदी होती, तेव्हा पीठ आणि कोळसा घेऊन विमाने इथेच उतरत. त्याआधी याच्या कडेला छळछावणी होती, युद्धकाळात वेठबिगार मजुरांच्या बराकी होत्या. आज लोक पतंग उडवतात, पोरे सायकल शिकतात, पूर्वेच्या कडेला शेजाऱ्यांनी फळकुटांचे वाफे करून टोमॅटो लावले आहेत. वसंतात गवताचा मोठा भाग दोरी लावून बंद करतात, कारण तिथे चंडोल जमिनीवर घरटी करतात. उत्तरेला रस्ता ओलांडला की हाझेनहायडे उद्यानाच्या कडेला गणपतीच्या देवळाचे गोपूर दिसते. माझ्या वेळी ते नव्हते. तिथल्या भारतीयांनी देणग्या गोळा करत ते जवळजवळ दोन दशके बांधले. पैसे संपले की काम थांबे, जमले की पुन्हा सुरू होई. हिशेबी माणसाने असे काम हाती घेतले नसते.

घरांची टंचाई खरी आहे, हे मी विसरत नाही. ओळखीतल्या एका विद्यार्थिनीला एक खोली पाहण्यासाठी जिन्यावर लागलेल्या रांगेत उभे राहावे लागले, ती रांग खाली रस्त्यापर्यंत आली होती. तिच्यासमोर मोकळ्या मैदानाचे गोडवे गाणे मला जड जाते. पण मुंबईच्या गिरणगावात काय झाले ते मी पाहिलेले आहे. सुमारे सहाशे एकर जमीन. 1991च्या नियमाने तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी ठेवला होता. 2001मध्ये ती वाटणी फक्त मुळातच रिकाम्या असलेल्या तुकड्यापुरती उरली. तिथे घरे झाली, मनोरे झाले, मॉल झाले. ज्यांच्या घामावर त्या गिरण्या चालल्या त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला ना घर आले ना मैदान. बर्लिनच्या मतदारांनाही हाच संशय होता, की घरे होतील पण परवडणारी होणार नाहीत. तो संशय घेऊन ते मतदानाला गेले, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

2023मध्ये बर्लिनमध्ये सत्तेवर आलेल्या युतीने मैदानाच्या कडेला बांधकाम करण्याचा विषय पुन्हा काढला आहे. मैदान वाचवणाऱ्यांची फलकबाजी, सह्यांचे तक्ते, सभा सगळे नव्याने सुरू आहे. मला तिथे मत नाही. मत असलेल्यांना माझे एवढेच सांगणे आहे की पुढच्या खेपेलाही असेच वेडे राहा, आणि चंडोलांची दोरी वसंतात वेळेवर लावा.