सांगण्याचा आकडा

वेरूळ आणि अजिंठा पाहण्याकरिता दूरदूरच्या खंडांतून लोक आमच्या छत्रपती संभाजीनगरास येत असले, तरी येथील रहिवाशास त्या खंडांकडे उलट प्रयाण करावयाचे झाल्यास चिकलठाण्याचा विमानतळ त्याला फार तर मुंबई, दिल्ली किंवा हैदराबादेसारख्या देशातल्याच शहरापर्यंत पोहोचवून हात जोडतो; आणि म्हणून आमच्याकडील सामान्य गृहस्थाच्या परदेशगमनाचा आरंभ आकाशात न होता देवगिरी एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर होतो.

मेलबर्नला राहणाऱ्या कन्येने तिकिटे पाठवण्याची तयारी दाखवली होती. परंतु महसूल खात्याच्या दफ्तरात हयात घालवलेल्या माणसास दुसऱ्याने मंजूर केलेला कोणताही खर्च अवाजवीच वाटत असल्यामुळे, अल्पदरी विमानकंपन्यांचा शोध घेण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. हिमायत बागेत सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींत या विषयाचे अनेक जाणकार निघाले. मंगळवारी मध्यरात्रीनंतर दर उतरतात, एकच मार्ग वारंवार पाहिल्यास कंपनीला आपली निकड कळून दर चढतात, इत्यादी सिद्धान्त ते मूळव्याधीवरील औषध सुचवावे तितक्याच अधिकारवाणीने सांगत; त्यांपैकी कोणीही स्वतः कधी नाशिकच्या पलीकडे विमानाने गेलेला नव्हता, ही गोष्ट अलाहिदा.

दौलताबादचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना स्वस्त तिकिटाची रचना समजावून सांगण्याचे कारण नाही. खंदक ओलांडून आलेल्या शत्रूस तेथे डोंगर पोखरून केलेल्या ‘अंधारी’ नामक भुयारातून, वळणामागून वळणे घेत, चाचपडत वर चढावे लागे. आणि भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झडपेवर जाळ करून आत धूर सोडण्याची तजवीज केलेली असे. विमानकंपनीने जाहीर केलेला पहिला आकडा हे त्या किल्ल्याचे महाद्वार होय. तेथून आत शिरावे तो पहिल्या वळणावर सामानाची जकात, दुसऱ्यावर आसनाची, तिसऱ्यावर भोजनाची, चौथ्यावर विम्याची; आणि इतके सर्व भरणे भरण्याची जी गैरसोय आपणांस सोसावी लागली, तिच्याबद्दल पाचव्या वळणावर सुविधाशुल्क. अखेरीस वरच्या तोंडाशी उरलेली मिनिटे उलटी मोजणारे घड्याळ सुरू होते, आणि त्या धुराने जीव घुसमटून मनुष्य मुकाट्याने पैसे भरतो.

या विद्येच्या प्रवर्तकाचा मान इंग्लंडच्या फ्रेडी लेकर यांना द्यावा लागेल. त्यांनी १९७७ च्या सप्टेंबरात लंडन ते न्यूयॉर्क अवघ्या ५९ पौंडांत नेणारी ‘स्कायट्रेन’ सुरू केली. आरक्षण नाही, रांगेत उभे राहून त्याच दिवशी तिकीट घ्यावयाचे, आणि भूक लागल्यास तिचे पैसे निराळे. १९८२ च्या फेब्रुवारीत त्यांचे दिवाळे वाजले. पुढे आइसलँडची ‘वॉव एअर’ २०१९ त बुडाली, आणि ‘नॉर्वेजियन’ने २०२१ त लांबच्या पल्ल्याचा नाद सोडला. याचे इंगित साधे आहे. जवळच्या पल्ल्यावर तेच विमान अर्ध्या तासात रिकामे करून, भरून, दिवसात अनेक खेपा करता येतात व त्यातच नफा असतो. दहा-दहा तासांच्या उड्डाणात अशा खेपा वाढवता येत नाहीत आणि इंधन काही सवलतीत जळत नाही. सबब येथील काटकसर यंत्राकडून न होता प्रवाशाच्या गुडघ्यांतून व जठरातून वसूल केली जाते.

मुंबईच्या विमानतळावर हातातील पिशवी काट्यावर चढली, आणि सात किलोंच्या मर्यादेपुढे तिची आगळीक उघडकीस आली. “अहो, तो कोट घाला अंगात,” असे सांगून सौभाग्यवतींनी स्वतः दोन हिमरू शाली पांघरल्या व येसराचा डबा माझ्या खिशात कोंबला. पिशवी निर्दोष सुटली. विमानात शिरलेला भार यत्किंचितही घटला नव्हता, परंतु माणसाच्या देहावर आमच्या कंपनीने अद्याप जकात बसवलेली नाही. सामोआ एअर नामक कंपनीने २०१३ साली प्रवाशांस त्यांच्याच वजनानुसार भाडे आकारले होते, हे मी सौभाग्यवतींस मुद्दामच कळू दिले नाही.

दोन निरनिराळी तिकिटे जोडून साधलेल्या या स्वस्ताईत मधल्या मुक्कामी आपले सामान आपणच सोडवून घेऊन पुन्हा सुपूर्द करावे लागते, आणि त्या दोन विधींच्या दरम्यान अख्खी रात्र पोलादी खुर्चीवर काढावी लागते. पुढल्या विमानात बाहेरचे अन्न निषिद्ध होते. उलट ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा खाते प्रत्येक खाद्यवस्तूचा लेखी खुलासा मागते. या दोन सरकारांच्या कचाट्यात सापडलेले धपाटे सौभाग्यवतींनी आसपासच्या रांगांत वाटून टाकले. मनाई करण्यास आलेली हवाईसुंदरी शेंगदाण्याची चटणी चाखून, कर्तव्याची आठवण झाल्यासारखी, दुसऱ्या बाजूच्या प्रवाशांवर रागावण्यास निघून गेली.

मेलबर्नला पोहोचल्यावर मी ताळेबंद मांडला. रेल्वेचे भाडे, जकाती, रात्रभरचा महागडा चहा आणि पाठीकरिता घेतलेले मलम धरता, कन्येने सुचवलेले सरळ तिकीट किंचित स्वस्तच पडले असते. परंतु भरण्याचा आकडा निराळा आणि सांगण्याचा आकडा निराळा. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीस, म्हणजे त्याच दौलताबादेस, आणल्यानंतर थोड्याच वर्षांत तांब्याचे नाणे चांदीच्या किमतीने चालवण्याचे फर्मान काढले. घरोघरी तशीच नाणी पडू लागली, आणि अखेर खजिन्यास ती चांदी देऊन परत घ्यावी लागली. आमच्या आकड्यास ती भीती नाही, कारण तो वटवण्यास कोणी येत नाही.

परतल्यावर समर्थनगरातील शेजारी चौकशीस आले. ऑस्ट्रेलियाविषयी चकार शब्द न काढता त्यांनी विचारले, “साहेब, तिकीट कितीला पडलं हो?” मी महाद्वारावरचा आकडा सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि सिडकोतील आपले साडू त्याहून दोन हजारांनी कमी देऊन गेल्याचे सांगितले. मी त्यांच्या साडूंचे मनापासून अभिनंदन केले. एका टांकसाळीने दुसरीची नाणी पारखू नयेत, एवढा शिष्टाचार आमच्या गावात अजून पाळला जातो.