पायाला पाणी

परदेशी गेलेला मुलगा घरी पैसे पाठवतो, असा एक जुना समज आहे. जालन्यातल्या अंबड चौफुलीकडच्या आमच्या अण्णांनी तो गेल्या वर्षी बँकेत जाऊन खोटा पाडला. समृद्धी महामार्गात त्यांची बदनापूरकडची जमीन गेली होती आणि तिचा मोबदला मुदत ठेवीत स्वस्थ पडला होता. तेवढ्यात चिरंजीवांनी टेक्सासातल्या फ्रिस्कोला घर पसंत केलं. वीस टक्के रक्कम आधी भरायची होती आणि चिरंजीवांची उडी बारा टक्क्यांवर संपत होती. उरलेल्या आठांसाठी रिझर्व्ह बँकेची योजना धावून आली. निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. माणशी, म्हणजे आईलाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माउलीला नवऱ्याइतकी खर्चाची मर्यादा मिळाली, तीही सही करण्यापुरती. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँकेने वीस टक्के कर आधीच वसूल केला. सीए म्हणाला, "काळजी करू नका, विवरणपत्र भरलं की परत येतं." अण्णा म्हणाले, "लेकरू बी जाताना असंच म्हणालं होतं."

मग घर बघायला दोघं सहा महिन्यांसाठी तिकडे गेले. ज्या गावात सळईच्या कारखान्यांची चिमणी बघून वाऱ्याची दिशा सांगतात, तिथला हा माणूस. त्याने आत शिरल्या शिरल्या भिंतीवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला. लाकडाचा सांगाडा, त्यावर जिप्समचे पत्रे, बाहेरून शोभेपुरती विटांची एक रांग. "गज कुठंय?" अण्णांनी विचारलं. गज म्हणे फक्त खालच्या काँक्रीटमध्ये असतो. कालनिर्णय टांगायला खिळा ठोकायचा तर भिंतीत लाकूड नेमकं कुठे आहे ते आधी एका यंत्राने हुडकावं लागतं. यंत्र सापडेना तोवर महिना उलटला, आणि एकादशी चुकली ती चुकलीच.

खरा धक्का अंगणात होता. फ्रिस्कोची जमीन काळी निघाली. साधीसुधी नाही, आपल्या काळीची चुलत बहीणच. मृदाशास्त्रज्ञ दोघींना वर्टिसॉल म्हणतात. तिकडच्या जातीचं नाव ‘ह्यूस्टन ब्लॅक’. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ज्या काळ्या जमिनीत राम उरला नाही म्हणून पोराला इंजिनिअर केलं, त्याच जमिनीवर त्याने तीस वर्षांचं कर्ज काढून घर घेतलं होतं. आता भेग पडली की घराचा पाया हलतो, दारं अडकतात, भिंतीला चिरा जातात. म्हणून उन्हाळ्यात घराच्या चहूबाजूंनी पाझरणारी नळी टाकून पायाला पाणी घालायचं असतं.

पायाला! 2012-13 च्या दुष्काळात अण्णांनी मोसंबीची बाग टँकरवर जगवायचा प्रयत्न केला होता आणि शेवटी कुऱ्हाड लावली होती. आता ते रोज संध्याकाळी फ्रिस्कोत सिमेंटला ठिबक सोडत बसले. जालन्याहून शेजारी फोनवर सांगायचा, नळ अजून आला नाही. अण्णा सांगायचे, इकडं नीट चाललंय, पाया ओला आहे.

तिकडे वसाहतीची एक समिती असते, एचओए. तिला दरमहा पैसे द्यायचे आणि तिने आपल्याला दमात घेणारी पत्रं पाठवायची, अशी व्यवस्था आहे. गवत वाढलं की पत्र. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला की पत्र. आईने दारापुढे तुळशीवृंदावन मांडलं, त्यालाही पत्र आलं: पुढच्या अंगणातल्या कायमस्वरूपी बांधकामाचा आराखडा सादर करावा. आमच्या गल्लीत लोकांनी नालीवर ओटा, ओट्यावर जिना आणि जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान काढलं. नगरपालिकेची 2023 मध्ये महानगरपालिका झाली तरी त्या जिन्याला अजून कुणी ‘का’ म्हणून विचारलेलं नाही. तरीही अण्णांना वसाहत आवडली. नियम कडक आहेत, असं ते जालन्यात फार कौतुकाने सांगतात. सांगताना ओट्यावरच बसलेले असतात.

एक हिशेब मात्र त्यांना अजून जुळलेला नाही. कर्ज तीस वर्षांचं. राहायची परवानगी तीन-तीन वर्षांची. नोकरी गेलीच तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर लागायला दशकं जातात. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्पसाहेबांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले, त्या रात्री अण्णांचा डोळ्याला डोळा लागला नाही. चिरंजीव म्हणाले, आपला अर्ज जुना आहे. अण्णा म्हणाले, "घर तर नवं हाय ना?" बँकेला मात्र असली चिंता नसते. तिने पाहुण्याला तीस वर्षं मुक्काम करण्याइतकं कर्ज दिलंय.

आता इकडचं घर. चिरंजीवांनी आधीच्या बोनसमधून जालन्यातही दुमजली बंगला बांधला आहे. त्यात गज इतका आहे की ठेकेदाराने अण्णांना हात जोडून थांबवलं होतं. वास्तुशांत व्हिडिओ कॉलवर झाली. तिकडे पहाट होती, यजमान सोवळ्याऐवजी रजईत होते. वरच्या मजल्यावर कमोड, गीझर, एसी सगळं आहे, राहतात पारवे. अण्णा महिन्यातून एकदा वर जाऊन प्रत्येक नळ सोडून बघतात. याला मालमत्ता सांभाळणे म्हणतात. पगार नाही, सुट्टी नाही, वर चिरंजीवांचा फोन: "अण्णा, गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं का?"

कागदपत्रांचंही तसंच. कुलमुखत्यारपत्र ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य वकिलातीतून शिक्का मारून आलं. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे अण्णांना चौथ्या महिन्यात कळलं.

मध्यंतरी बांधावरच्या शेजाऱ्याने चार एकर विकायला काढली. अण्णांनी हौसेने चिरंजीवांच्या नावावर घ्यायचं ठरवलं. वकिलाने सांगितलं, परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही.

"बरं, मी घेतो आन् त्याला बक्षीसपत्र करून देतो."

"तेही चालत नाही, अण्णा."

"मंग चालतं काय?"

"वारसाहक्काने मिळाली तर चालते."

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हंजी मी गेलो की?" वकील साहेबांनी कायद्याची मर्यादा सोडली नाही. ते म्हणाले, "तशी काही घाई नाही."

जगात सगळीकडे हेच चाललं आहे म्हणा. कॅनडाने 2023 पासून बहुतेक परदेशी माणसांना घर विकणं बंद केलं, ऑस्ट्रेलियाने एप्रिल 2025 पासून जुनी घरं. टेक्सासनेही 1 सप्टेंबर 2025 पासून चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया अशा देशांच्या लोकांवर जमीनजुमल्याची बंधनं घातली. त्या यादीत आपण नाही, हे अण्णा जालन्याच्या मामा चौकात आवर्जून सांगतात आणि दर वेळी ‘अजून’ हा शब्द गिळतात.

या मे महिन्यात मात्र अण्णांचा खरा उपयोग झाला. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, म्हणून त्याची कसर मालमत्ता करात काढतात. दरवर्षी सरकारी माणसं घराची किंमत ठरवतात आणि ती जास्त वाटली तर मालकाने हरकत घ्यायची. घर किती वाईट आहे ते मालकानेच पटवून द्यायचं. चिरंजीवांना शब्द सुचेनात. अण्णांनी जालन्यातून फोनवर मुद्दे सांगितले: भिंती पोकळ, जमीन काळी, पाया रोज पाणी पितो, खिळा बसत नाही, समिती छळते, शेजारी ‘हाय’च्या पुढे बोलत नाही. पुण्याच्या वकिलालाही जमलं नसतं असं निवेदन झालं. किंमत उतरली, कर कमी झाला.

त्याच आठवड्यात धाकट्याच्या स्थळासाठी मंठ्याहून पाहुणे आले. थोरल्याचं अमेरिकेतलं घर केवढ्याचं, असं त्यांनी विचारलं. अण्णांनी हरकत घेण्यापूर्वीची किंमत सांगितली, तिचे रुपये केले आणि पुढच्या वर्षी वाढणारच आहे म्हणून वाढीव धरले.