एक पान जास्तीचं

मलकापुरात पिकअप घ्यायला निघालेल्या माणसाला रंग, मायलेज, हप्ता असले किरकोळ प्रश्न कुणी विचारत नाही. प्रश्न एकच असतो, "बसतंय किती?" पासिंग किती ते आरसी बुकात लिहिलेलं असतं, पण छापील आकड्यावर विश्वास ठेवून शाहूवाडी तालुक्यात कुणाचा धंदा चालल्याचं ऐकिवात नाही.

कंपन्यांनाही हे उशिरा का होईना उमगलं. २००५ साली टाटांची एस आली ती साडेसातशे किलोंची. लोक तिला छोटा हत्ती म्हणू लागले आणि हत्तीसारखीच राबवू लागले. मग पिकअपवाल्या कंपन्यांत चढाओढ लागली. २०२२ मध्ये टाटांचीच योद्धा २.० दोन टनांवर पोचली, २०२३ मध्ये महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअपही तिथंच आली. तोंड जीपचं, पोट ट्रकचं.

हे शहाणपण फक्त आपल्याकडंच आहे, असा गर्व मात्र नको. अमेरिकेत फोर्डनं १९७५ साली एफ-१५० काढली. भरल्या गाडीचं ठरलेलं वजन सहा हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण २,७०० किलोंच्या वर नेलं, की धुराच्या तेव्हाच्या कडक नियमांतून सुटका होत होती. या जातीला तिकडं 'हेवी हाफ' म्हणत. नियम अंगावर येतोय म्हटल्यावर गाडीचंच वजन वाढवायचं, ही युक्ती काढणाऱ्याचं आजोळ आपल्या भागात असावं.

पण दोन टनांवर थांबतो तो कंपनीचा इंजिनिअर. त्याचं अर्धवट राहिलेलं काम गॅरेजवाला पुरं करतो. नव्या गाडीला हार घातला, लिंबू-मिरची बांधली, की ती थेट पाटेवाल्याकडं. मागच्या पाट्यात, म्हणजे स्प्रिंगमध्ये, एक-दोन जाड पानं वाढवायची, लांब यू-बोल्ट आवळायचे, हौद्याला वरून फळ्या चढवायच्या. पाट्याला पान वाढलं की ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांचंही मन आपोआप मोठं होतं, अशी श्रद्धा आहे. बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकसाठी एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मागं किती दबली हे पाहून मागच्या चाकांना ब्रेक किती द्यायचा ते तो ठरवतो. जाड पानांमुळं गाडी पुरेशी दबत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि तो ब्रेकही रिकाम्या गाडीचाच देतो. इतकी काटकसर चाकणच्या इंजिनिअरला सुचायची नाही.

जे पानं वाढवत नाहीत त्यांचा फायदा वेगळा. गाडी मागं बसते, नाक वर जातं. रात्री हेडलाइट रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. पुढची चाकं हलकी झाल्यानं स्टेअरिंग तर एका बोटावर फिरतं.

आता आंबा घाट चढून येणारा जांभा चिरा घ्या. एका चिऱ्याचं वजन तीस किलो धरा. पासष्ट-सत्तर चिऱ्यांतच दोन टन भरतात, आणि हौदा तर अजून निम्मा रिकामा दिसतो. एवढी जागा मोकळी घेऊन घाट चढायचा म्हणजे डिझेलचा अपमान. म्हणून फाळक्यापर्यंत रचतात. परतीला सिमेंट मिळालं तर उत्तमच. चाळीस पोत्यांत दोन टन होतात, पण चाळीस पोती भरणाऱ्याला भाडं कोण देणार? साखरप्याकडं उतरताना लायनर जळल्याचा वास येऊ लागला, की ब्रेक अजून आहेत याची खात्री पटते.

कायदाही वाटतो तितका अरसिक नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणं ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड, वर जादा टनामागं २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. म्हणजे पहिला जादा टन पडतो बावीस हजाराला, दुसरा फक्त दोन हजाराला. ठोक घेणाऱ्याला सवलत सरकारनंच ठेवलीय म्हटल्यावर एका टनावर अडून राहणाऱ्याला व्यवहार कळत नाही, असंच म्हणावं लागेल.

तुमचं जाणं-येणं आंबा घाटातून असेल तर एवढं लक्षात ठेवा. अशी गाडी दिसली, की चढाला तिच्या मागं राहू नका आणि उताराला तिच्या पुढं.