जांभळ्या सेजचे मिरासदार

इंग्लंडातील कोणत्याही मध्यम शहराच्या वेशीवर नगरपालिकेने भाजीपाल्यासाठी अल्प खंडाने दिलेल्या जमिनीच्या तुकड्यांत एक तरी सेवानिवृत्त गृहस्थ असा आढळतोच, की ज्याने अदमासे अडीचशे चौरस मीटरांच्या आपल्या वहिवाटीतील सर्वांत उन्हाची, आणि त्या देशात म्हणूनच सर्वांत मोलाची, जागा जांभळा सेज ह्या स्वयंपाकातील सुवासिक पानांच्या झुडपाला इनाम देऊन टाकलेली असते. वाटाण्याच्या वेलांना आधाराच्या काठ्या मिळालेल्या नसतात, बटाटे सावलीत दिवस कंठीत असतात. परंतु सेजच्या मुळाशी खडी आणि भरड वाळू यांची रसद बिनचूक पोहोचते, कारण भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवरचे हे कुलीन झुडूप थंडीपेक्षा साचलेल्या पाण्यानेच अधिक दगावते.

समोरचा मनुष्य मराठी आहे असे कळताच हे मिरासदार सेज आणि तुळस ह्यांचे कूळ एकच असल्याचे सांगून तत्काळ सोयरीक जोडतात, आणि शार्लमेन बादशहाच्या मळ्यांविषयीच्या फर्मानात सेजचा उल्लेख असल्याचे अशा सुरात निवेदन करतात, की ते फर्मान आजही त्यांच्याच दप्तरी जमा असावे. हिरवा सेज हा प्राकृत जनांचा, जांभळा तो रसिकांचा, असा त्यांचा सिद्धान्त आहे. कोवळ्या पानांचा तो जांभळा रंग पान जून होताच करडा-हिरवा होतो आणि कढईत तर पुरता मावळतो, ही गोष्ट त्यांच्यासमोर कोणी काढीत नाही.

पाकशास्त्रात त्यांची मजल मोठी आहे. लोण्यात कुरकुरीत तळलेली पाने इटालियन पद्धतीने पास्त्यावर कशी घालावीत, रोमचे लोक वासराच्या मांसावर हॅमची चकती आणि सेजचे पान कसे टाचतात, ह्यावर ते तासभर निरूपण करतात. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या घरी नाताळच्या टर्कीत भरावयाच्या कांदा-पावाच्या सारणापुरतीच मूठभर पाने खर्ची पडतात, कारण हा कापरासारखा उग्र स्वाद रोजच्या जेवणात नको, असा गृहस्वामिनीचा हुकूम आहे.

ज्या घरी सेज फोफावतो त्या घरी बायकोचे राज्य असते, अशी एक जुनी इंग्रजी समजूत आहे. ती मनात वागवूनच की काय, हे गृहस्थ दर वसंतात कात्री घेऊन झुडपाची यथास्थित छाटणी करतात. आणि वसंतातील छाटणीने सेज अधिकच घनदाट फुटत असल्यामुळे घरातील राज्यव्यवस्था वर्षानुवर्षे अबाधित राहते.

उन्हाळ्यात मात्र ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना खरोखर उपद्रवकारक होतात, कारण तेव्हा ते कोवळ्या फांद्यांची छाटकलमे करून ती टपालवाल्यापासून पाद्र्यापर्यंत सर्वांच्या गळ्यात घालतात. पण न्याय करावयाचा तर हे सांगणे प्राप्त आहे, की जांभळा सेज बियांवाटे आपला वर्ण खात्रीने पुढे देत नाही, आणि जुने झुडूप चार-पाच वर्षांत काष्ठवत् होऊन बदलावे लागते. म्हणजे हा वाण टिकतो तो कलमांवर, आणि ती करून वाटीत सुटणाऱ्या असल्याच कंटाळवाण्या माणसांवर. तेव्हा वाचकहो, अशा गृहस्थाने कुंडी पुढे केली, तर ती मुकाट्याने घ्यावी, आभार मानावेत, आणि पाककृती मात्र चुकूनही विचारू नये.