गडीमाणसाचं काम

वसमत भागातल्या कुठल्याही गावात जा, एक नाना भेटतातच. आमच्या घरातही आहेत. जगातल्या कामांची वाटणी त्यांच्या लेखी कधीच होऊन गेली आहे: हे गडीमाणसाचं, ते बाईमाणसाचं. कामून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ते उपजतच असतंय!"

हळदीचंच बघा. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा नाना स्वतःच्याच बारशाला आल्यासारखे मिरवले. हंगामात रात्र जागून ते क्विंटलांनी हळद शिजवतात. पण वरणात चिमूटभर हळद टाकायची म्हटली की, "ते बाईमाणसाचं!"

सप्ताहात हेच नाना कमरेला उपरणं बांधून अख्ख्या गावाचं वरण ढवळतात, आग्रह करकरून वाढतात. घरी मात्र पाण्याचा तांब्या हातात येईपर्यंत हाका चालू. चूल गावात पेटली की गड्याची, घरात पेटली की बाईची!

नातू गुडघा फोडून रडला की, "पोरीवाणी काय रडतो रे?" स्वतः मात्र कीर्तनात पांडुरंग जनाबाईला दळू लागतो, तिथे हमखास डोळे पुसतात. जनाबाई नामदेवांच्या घरची, नामदेव आपल्या नर्सीचे. म्हणजे घरचाच प्रसंग. नात म्हणाली, "नाना, देव दळतो की!"

"देवाला कोण नावं ठेवावं, माय?"

मग तिनं ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' काढलं. बायकांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय, हा जाब ताराबाईंनी १८८२ मध्येच विचारला होता. नानांनी शांतपणे ऐकलं.

"बाई कुठली म्हणली?"

"बुलढाण्याची."

"मग बराबर. विदर्भातली!"

मागच्या पावसाळ्यात आजीचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराला आतून कडी. फटीतून पाहिलं, तर गॅसवर चहा उकळत होता आणि नाना आजीची वेणी घालत होते. जन्मभर दोर वळलेला हात. वेणी अशी पक्की, की दोन दिवस सुटली नाही. कडी कशाला लावली, विचारलं तर म्हणाले, "मांजर येतंय."

गर्भ धरणं, बाळंत होणं, अंगावर पाजणं, एवढं निसर्गानं बाईकडे दिलं. चहा, वेणी, वरण, रडू आवरणं, हे सगळं आपण शिकलो आणि मग उपजत म्हणून सांगत सुटलो. तुमच्या घरीही असे नाना असतील. त्यांना सारं येतं. फक्त सांगा, कडी काढा. मांजर काही येत नाही.