लाल फुग्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. लाल फुगा,
मुक्काम नकाशा, शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) 25 टक्के प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज.

विषय : आपण आमच्या घरावर नीट बसत नसल्याबाबत, व इतर.

महोदय,

सा. न. वि. वि.

हे पत्र शिक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितोय, याचं आश्चर्य वाटून घेऊ नये. मंत्री बदलतात, आयुक्त बदलतात, 2023 मध्ये तर आमच्या जिल्ह्याचं नावही बदललं. टिकून आहात ते आपणच. अर्जात लेकराचं नाव, जात, जन्मतारीख भरून झाली की नकाशा उघडतो आणि त्यावर आपण टपकता. आपण जिथं बसाल ते लेकराचं घर. 2025 च्या मोसमात तरी नियम असा होता : तिथून शाळा एक किलोमीटरच्या आत आली तर लेकरू पहिल्या रांगेत, एक ते तीनमध्ये आली तर दुसऱ्या, त्याहून लांब गेली तर देवाच्या भरवशावर. एवढे अधिकार जिल्हाधिकाऱ्यालाही नसतात, आणि त्याची निदान दोन वर्षांनी बदली तरी होते.

माझी ओळख सांगायची तर, छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या पलीकडं, देवळाईच्या अंगाला माझं मल्टीसर्व्हिसेसचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, पीकविमा, लाडकी बहीण, आणि सरकारला आठवण होईल तेव्हा आरटीईचे, म्हणजे खासगी शाळांतल्या गरीब-वंचित लेकरांसाठीच्या 25 टक्के मोफत जागांचे, फॉर्म. आठवण कधी होईल याचा नेम नाही. 2024 मध्ये ऐन उन्हाळ्यात झाली, 2025 मध्ये संक्रांतीला. तेव्हा आपला-माझा संबंध जुना आणि धंद्याचा आहे. पुढं काही वाकडं लिहिलं गेलं तर ते घरातलं भांडण समजावं.

पहिली तक्रार आपल्या उडण्याची. आपण अंतर मोजता ते हवेतून, सरळ रेषेत. आता आमचा भूगोल बघा. आम्ही बायपासच्या दक्षिणेला, बऱ्या शाळा उत्तरेला, गारखेडा-शिवाजीनगरकडं, आणि मधून रेल्वेचा रूळ गेलेला. गच्चीवर उभं राहिलं तर शाळेची पिवळी बस दिसते. आपल्या हिशेबात ती शाळा एक किलोमीटरच्या आत. साडेतीन वर्षांच्या पोराला मात्र पंख फुटलेले नसतात. त्याला आधी बायपास ओलांडायचा, मग रेल्वे गेट उघडायची वाट बघायची. गेटच्या जागी भुयारी मार्ग असेल तर पाऊस कधी उघडतो त्याची वाट बघायची. आणि दुसऱ्या बाजूनं, रूळ न ओलांडता जिथं पायी जाता येतं अशी एखादी शाळा आपल्या रेषेनं जेमतेम पन्नास पावलं बाहेर पडते आणि दुसऱ्या रांगेत जाते.

गेल्या मोसमात एक ताई आल्या. नवरा वाळूजला कंपनीत कंत्राटी, त्या स्वतः चार घरची धुणीभांडी करतात, कडेवर पोरगी. मी आपल्याला घराकडं सरकवत होतो आणि आपण हटून शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधल्या बाभळीवर जाऊन बसत होता.

“दादा, घर हितं हाय अन् फुगा तिकडं काऊन दाखवायलाय?”

“ताई, तुमची गल्ली नकाशात नाही.”

“नाही कशी? मागच्या विलेक्शनला समदे आल्ते की गल्लीत.”

मी काय सांगणार? आमच्याकडं गुंठेवारी. पत्ता म्हणजे गट नंबर, प्लॉट नंबर आणि मारुती मंदिराच्या मागं. मारुती सापडतो, मागचं सापडत नाही. बरं, आपण बाभळीवर बसलात आणि कागद घराचा निघाला, की पडताळणी समिती विचारते, तुम्ही झाडावर राहता का? असं म्हणत नाहीत, पण अर्ज बाद करताना अर्थ तोच असतो. उलट, आपल्याला मुद्दाम शाळेच्या कुंपणाला चिकटवून ठेवणारेही आहेत, हे आपणास ठाऊक आहेच. नागपुरात 2024 मध्ये खोट्या कागदपत्रांवर प्रवेश घेतल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले. लेकराच्या प्रवेशापायी बापाला पोलीस ठाणं, हे आमच्या वडिलांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, पोरगं असं शिकणारंय तरी काय?

राहण्याचा पुरावा हा एक वेगळाच संसार आहे. भाड्यानं राहणाऱ्याला, दुसरा कागद नसेल तर, नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा आणि निदान अकरा महिन्यांचा. घरमालक म्हणतो, “रजिस्टर करार कशाला, आपला विश्वास आहे ना एकमेकांवर?” एवढा विश्वास की तो पावतीसुद्धा देत नाही. म्हणजे ज्याला स्वतःचं घर आहे त्याचा कागद लगेच निघतो, आणि ज्याच्यासाठी ही योजना काढली त्याला आधी घरमालकाची मनधरणी करावी लागते. उत्पन्नाचंही तसंच. आर्थिक दुर्बल म्हणून अर्ज करायचा तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. ही मर्यादा ठरली त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली. आज सरकारनंच ठरवलेलं किमान वेतन घेणारा माणूस वर्षाला लाखाच्या वर जातो. तरी माझ्या दुकानात येणारे दाखले एकजात लाखाच्या जरासे आत असतात. 96 हजार, 98 हजार. एवढं काटेकोर गरीब गाव मी दुसरं पाहिलं नाही. (जातीच्या प्रवर्गाला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळं तिथं गर्दी वेगळी आणि तिची कहाणी वेगळी, ती पुढच्या पत्रात.)

वयाबद्दल मी काही बोलणार नाही. नर्सरीसाठी 31 डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत आणि वरची हद्द 4 वर्षं 5 महिने 30 दिवस. हे 30 दिवस कुठल्या महिन्यातले, हे विचारायची माझी छाती नाही. फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी आपापलं बघावं.

एवढं सगळं करून निघते काय, तर सोडत. आता सोडतीबद्दल मी वाईट बोलणार नाही. पूर्वी नर्सरीला आईबापाची मुलाखत व्हायची, आईला इंग्रजी येतं का बघायचे, देणगीचा आकडा चिठ्ठीवर लिहून पुढं सरकवायचे. संगणक यातलं काही विचारत नाही. आमच्या गल्लीत एका वेल्डरचा पोरगा सोडतीत लागला, आता पाचवीत आहे, बापाला गणितात गप्प करतो. पण 10 फेब्रुवारी 2025 ला पुण्यात सोडत निघाली तेव्हाचे आकडे बघा : 8,863 शाळा, 1,09,087 जागा, अर्ज 3,05,152. म्हणजे तिघांतल्या दोघांना घरी बसवायचं, ते कुणालाही राग न येता बसवायचं. त्यासाठी सोडतीइतकं सोयीचं काही नाही. साहेबांनी नाकारलं असतं तर लोक साहेबांच्या दारात गेले असते. सोडतीत नाही लागलं तर माणूस नशिबाला बोल लावतो, मंगळवारचा उपास धरतो आणि पुढच्या वर्षी परत माझ्या दुकानात येतो. मला परवडतं.

मात्र सरकारला आपलं हे खातं तितकं परवडत नसावं. एका लेकरामागं शाळेला वर्षाला 17,670 रुपये द्यायचे ठरलेलं, आणि ते वेळेवर मिळत नाहीत म्हणून शाळावाले दर वर्षी बोंब मारतात. यावर 9 फेब्रुवारी 2024 ला एक तोडगा निघाला : खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. त्या उन्हाळ्यात आपण नकाशावर बसलात आणि खाली यादी उघडली, ती जिल्हा परिषदेची शाळा, मनपाची शाळा, पुन्हा जिल्हा परिषदेची शाळा. ज्या शाळेतले गुरुजी पटासाठी घरोघर फिरून पोरं गोळा करतात, तिथं शिरायला ऑनलाइन अर्ज, दहा पसंतीक्रम आणि सोडत! लोक यादी बघायचे, माझ्याकडं बघायचे, आणि झेरॉक्सचे पैसे देऊन निघून जायचे. राज्यभरात जागा आठ लाखांच्या वर होत्या आणि अर्ज लाखभरसुद्धा आले नाहीत.

फुगेसाहेब, ही माझ्या मते या सबंध प्रकरणातली सर्वांत मोठी घटना आहे आणि तिच्याकडं कुणी बघितलंच नाही. सरकारनं नकळत, फुकटात, राज्यभर मतदान घेतलं : आमच्या शाळा तुम्हाला हव्यात का? उत्तर आलं. 6 मे ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या नियमाला स्थगिती दिली, जुन्या यादीनं पुन्हा फॉर्म सुरू झाले, आणि माझ्या दुकानासमोर रांग लागली ती थेट रसवंतीपर्यंत. 19 जुलैला न्यायालयानं तो नियमच रद्द केला. तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. पोरं घरी आणि सोडतीचा निकाल बासनात. न्यायालयात हरल्याचं सगळ्यांना कळलं. त्या कोऱ्या राहिलेल्या जागांचा अर्थ काय, यावर समिती नेमल्याचं काही माझ्या ऐकण्यात नाही.

आता पालकांना सरकारी नको आणि खासगी हवं, एवढ्यावर मी हे मिटवणार नाही. मनपानं उस्मानपुऱ्यात सीबीएसईची शाळा काढली, तेव्हा तिची चौकशी करायला माझ्याकडंही लोक आले होते. पाटी कुणाची हे लोक बघत नाहीत. आत काय चालतं ते बघतात. आणि तीन ते सहा वयात सरकारचं आत काय चालतं, तर अंगणवाडी.

आमच्या पलीकडच्या गल्लीत आहे एक. दहा बाय बाराची भाड्याची खोली, भिंतीवर उडत चाललेला अ आ इ ई, कोपऱ्यात तांदळाची पोती. सेविकाबाई माझ्याकडं नेहमी येतात. मोबाइल चार्ज करायला, नाहीतर पोषण ट्रॅकरवर फोटो जात नाही म्हणून. “शिकवू कधी ओ भाऊ? वजन घ्या, उंची घ्या, खिचडी शिजवा, फोटो टाका. 2024 ला तर लाडक्या बहिणीचे फॉर्म भरता भरता पोरांना नुसतं गप बसा म्हणत होते.” गेल्या मोसमात त्या आल्या तेव्हा मला वाटलं ट्रॅकरचंच काही असेल. त्यांनी पिशवीतून नातवाचा जन्मदाखला काढला. फॉर्म भरायचा होता. दहाच्या दहा पसंतीक्रम त्यांना तोंडपाठ होते. आपली अंगणवाडी अर्जाच्या यादीत येतच नाही, हे त्यांनी मला हसून सांगितलं. मीही हसलो आणि आपल्याला त्यांच्या घरावर आणून बसवलं.

आणि ही अंगणवाडी काही दिल्लीहून आलेली नाही. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला बसल्या, नंतर कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यावरची पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पोरांच्या अंगणात नेली. आपल्या भाषेत सांगायचं तर अंतर शून्य किलोमीटर. त्या योजनेत आपल्याला कामच उरलं नसतं. पुढं 1975 पासून देशभर अंगणवाड्या सुरू झाल्या, अंगण राहिलं, वाडी राहिली, शिकवणं मात्र वाटेत सांडलं. 2002 च्या घटनादुरुस्तीनं शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तोही सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना. त्याखालच्यांसाठी सरकारनं प्रयत्न करावा, एवढंच. आरटीई कायद्यातही तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल, अशी सभ्य भाषा आहे. करू शकेल! आमच्या घरमालकाच्या करारासारखं.

त्यातून खासगी शाळांचं आणखी एक. कुठल्या वर्गापासून प्रवेश द्यायचा हे शाळेगणिक वेगळं. एखादी नर्सरीपासून घेते, तर कित्येकींचा 25 टक्क्यांचा दरवाजा उघडतो थेट पहिलीला. मग त्या ताईंसारख्यांनी तीन वर्षं काय करायचं? गल्लीतल्या कुठल्यातरी मिकी माऊसच्या भिंतीआड महिन्याला हजार-पंधराशे भरायचे आणि पोरगी सहा वर्षांची झाली की फुकट शिक्षणाच्या सोडतीला बसायचं. फी भरून झाल्यावर फुकट.

असो. आपल्याकडं मागणं फार नाही. एक म्हणजे अंतर मोजताना रूळ, नाला आणि बायपास मोजावा. पायानं चालणाऱ्याच्या हिशेबानं मोजावं. दुसरं, भाडेकराराऐवजी पोरीच्या लसीकरणाचं कार्ड चालत असेल तर बघावं, कारण डोस द्यायला आरोग्यसेविकेला आमची गल्ली बरोबर सापडते. तिसरं, यादीत पहिल्या क्रमांकावर जवळची अंगणवाडी छापावी आणि पुढं एक रकाना सोडावा : नको असल्यास कारण. उत्तराला जागा मोठी ठेवावी. तीन लाख लोक फुकटात लिहून देतील, कुठल्या सल्लागार कंपनीला पैसे द्यायला नकोत.

आणि मोबाइलवर आपल्याला सरकवताना बोट जरा निसटलं की आपण थेट हर्सूलला जेलजवळ जाऊन बसता, ते तेवढं थांबवावं. पालक घाबरतात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मल्टीसर्व्हिसेसवाला,
देवळाई, छत्रपती संभाजीनगर

ता. क. : पालकांच्या माहितीसाठी : मोसमात दुकान रविवारीही चालू. फॉर्म भरून, प्रिंटसह शंभर रुपये. आपल्याला जागेवर बसवायचे वेगळे घेत नाही. अर्ज सरकारकडून पूर्ण मोफत आहे, हे पाटीवर लिहून ठेवलेलं आहे. अक्षर जरा बारीक आहे एवढंच.